गाडी किती देते?

दारांत नवें वाहन उभें राहिलें कीं त्यास हळदकुंकू लावावें, चाकांखालीं लिंबें ठेवावीं, नारळ फोडावा, आणि पेढा तोंडांत असतांनाच एखाद्या पाहुण्यानें हलकेच विचारावें, “काय हो, ॲव्हरेज किती देते?” हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहात आलों आहों. गाडीचा रंग, तिची किंमत, तिचा वेग हे विषय मागाहून निघतात. या प्रश्नाला कोणी चिकूपणा म्हणतील. आम्हांस तसें कधीं वाटलें नाहीं. जी वस्तु आपण पोसावयाची ती खाते किती हें आधीं विचारून घेणें हा गृहस्थाश्रमाचाच धर्म होय, अशी आमची समजूत होती. त्या समजुतीस एकदां चांगलाच धक्का बसला. ती हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. तींत आमची शोभा फारशी नाहीं. परंतु हिशेबाच्या वहींत चूक लपवूं नये असें शिकविणाऱ्या घरांत आम्ही वाढलों.

१९७३ सालच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि कांहीं महिन्यांतच जगांतील तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. त्या सुमारास आमच्या तीर्थरूपांनीं आपल्या स्कूटरसाठीं एक लांबट वही घातली. तारीख, मीटरचा आंकडा, लिटर, रुपये आणि शेरा असे तिचे पांच रकाने. शेऱ्याच्या रकान्यांत ‘प्लग साफ केला’, ‘हवा कमी होती’, ‘दोघे सिंहगडास जाऊन आलों’ अशा नोंदी असत. तीर्थरूपांमागें ती पद्धत आम्हीं उचलली. पुढें आमची सारी नोकरीच दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत गेल्यामुळें ती संवय हाडींमाशीं खिळली यांत नवल नाहीं.

आमचें घर अद्यापि एकत्र आहे. वडील बंधु दादा हे कारभारी. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाहीं. आमचे चिरंजीव उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले तेव्हां त्यांच्या पहिल्या वर्षाचा खर्च घराच्या सामाईक तिजोरींतून झाला होता, आणि त्यासाठीं गच्चीची डागडुजी दोन पावसाळे पुढें ढकलावी लागली होती. तो पैसा त्यांनीं केव्हांच परत केला. तरी गच्चीची गळती कोणी विसरलें नव्हतें. अशा घरांत, चिरंजीवांनीं जर्मन बनावटीची, आटोपशीर पण उंची, चारी चाकांस बळ पोंचविणारी गाडी घेतली, ही बातमी आली तेव्हां पेढे वाटले गेले खरे, परंतु दादा जेवतांना एवढेंच म्हणाले, “साधी गाडी चार चाकांवर चालत नाहीं वाटतें?” २०१८ सालच्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां सहा महिन्यांसाठीं मुलाकडे निघालों तेव्हां त्यांनीं आमच्या पिशवींत एक कोरी लांबट वही ठेवली आणि म्हणाले, “किती देते तें नीट पाहून ये.”

चिरंजीवांचें बिऱ्हाड न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज या गांवीं होतें. न्यूयॉर्क म्हटल्यावर डोळ्यांपुढें उभ्या राहणाऱ्या गगनचुंबी इमारती तेथें नाहींत. आँटॅरिओ सरोवराच्या आग्नेयेस हें शहर वसलेलें आहे. हिंवाळ्यांत सरोवरावरून येणारे थंड वारे ओलावा उचलतात आणि काठावरच्या प्रदेशांत बर्फाच्या रूपानें टाकतात. त्यामुळें सिराक्यूजला दर हिंवाळ्यांत सरासरीनें शंभर इंचांहून अधिक बर्फ पडतें. चिरंजीवांची कचेरी घरापासून मैलभर, ते पायीं जात. गाडी मुख्यतः सूनबाईंच्या उपयोगाची. त्या चार मैलांवरील एका रुग्णालयांत डॉक्टर. पहांटे सहापूर्वीं घर सोडावें लागे. भाड्याच्या घरास गाडीखाना नव्हता, म्हणून गाडी रात्रभर उघड्यावर असे. ही गोष्ट आम्हीं पाहिली होती. तिचा अर्थ मात्र ध्यानांत घेतला नव्हता.

पहिल्याच दिवशीं आम्हीं गाडीच्या कप्प्यांतून तो सरकारी कागद काढून घेतला. अमेरिकेंत विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक नव्या मोटारीच्या कांचेवर ती किती देते हें लिहिलेलें असावें लागतें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ सालीं झालेल्या कायद्यानें हें बंधनकारक केलें. म्हणजे आमच्या तीर्थरूपांची वही आणि अमेरिकन सरकारचा तो कागद हीं एकाच संकटाचीं दोन अपत्यें! चिरंजीवांच्या गाडीच्या कागदावर एका गॅलनास शहरांत २४ मैल, हमरस्त्यावर ३१ व एकत्रित २७ असे आंकडे होते. तिकडील गॅलन ३.७८५ लिटरांचा व मैल १.६०९ किलोमीटरचा; तेव्हां आपल्या भाषेंत एकत्रित आंकडा लिटरला साडेअकरा किलोमीटर असा पडतो.

हे आंकडे रस्त्यावर मोजीत नाहींत. आपल्या पुण्यांत कोथरूडकडील वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली एआरएआय ही संस्था जशी गाड्या फिरत्या रुळांवर उभ्या करून ठराविक वेगानें चालविते व मोजते, तसेंच तेंही. १९८४ पर्यंत अमेरिकेंतही प्रयोगशाळेंतील आंकडे जसेच्या तसे छापीत, आणि लोकांची तक्रार असे कीं गाडी इतकें देत नाहीं. तेव्हां १९८५ च्या गाड्यांपासून शहराच्या आंकड्यांतून दहा टक्के व हमरस्त्याच्या आंकड्यांतून बावीस टक्के वजा करूं लागले. पुढें २००८ पासून अधिक वेगाची, वातानुकूलन चालू ठेवून केलेली आणि २० अंश फॅरनहाइट इतक्या थंडींत केलेली अशा परीक्षांची भर पडली. तरीही त्या कागदावर प्रत्यक्ष अनुभव निराळा येईल अशी सूचना असतेच. तो आंकडा दोन गाड्यांची तुलना करण्याचें माप आहे. अमक्या माणसाला अमक्या रस्त्यावर तितकेंच मिळेल असें तें वचन नव्हे.

आतां दादांच्या प्रश्नाकडे वळूं : चारी चाकांस बळ देण्याची किंमत किती? कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जीपगाड्यांनीं ती जगभर नेली. घरगुती गाडींत जपानच्या सुबारू कंपनीनें ती १९७२ सालीं आणली, आणि १९८० सालीं जिनिव्हाच्या प्रदर्शनांत मांडलेल्या ऑडी क्वाट्रोनें वेगवान व उंची गाड्यांत तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. या योजनेंत पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांकडे इंजिनाचें बळ न्यावें लागतें. त्यासाठीं एक जास्तीचा दांडा, एक जास्तीचें डिफरन्शियल व त्यांचे गिअर आले. त्यांचें वजन सदैव वाहावें लागतें, आणि फिरणाऱ्या प्रत्येक दात्यांत व तेलांत थोडी शक्ति घर्षणानें जाते. अलीकडे कांहीं गाड्यांत, गरज नसेल तेव्हां मागचा आंस आपोआप सुटा होईल अशी युक्ति केली आहे. तरी एकंदरींत गॅलनामागें एक-दोन मैलांचा तोटा पडतो. दोन मैल धरले, म्हणजे २९ ऐवजीं २७, आणि वर्षाला बारा हजार मैल चालली, तर फरक सुमारें तीस गॅलनांचा. त्या वेळीं उंची ऑक्टेनचें पेट्रोल सुमारें तीन डॉलरला गॅलन होतें. म्हणजे वर्षाकांठीं नव्वद डॉलर. हा हिशेब आम्हीं पहिल्याच आठवड्यांत दादांना कळविला. ते म्हणाले, “कागदावरचें नको. वहींतलें सांग.”

मग आम्हीं वही सुरू केली. टाकी प्रत्येक वेळीं नळ आपोआप बंद होईपर्यंत भरावयाची, मीटरचा आंकडा टिपावयाचा, आणि मधल्या मैलांना या वेळच्या गॅलनांनीं भागावयाचें. गाडींतील यंत्र स्वतःच सरासरी दाखवितें. परंतु तें नेहमीं एक-दीड मैल उदार असे. स्वतःच्या मुलाचे गुण दुसऱ्यास सांगतांना आईबाप असतात तसें. आम्हीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं. ऑक्टोबरांत ५४० मैलांस २०.३ गॅलन लागले, पडता २६.६. दिवाळींत सारीं एडिसनला नातलगांकडे गेलों. येऊन-जाऊन ५०० मैल, सारा हमरस्ता, आणि लागले १५.७ गॅलन. म्हणजे ३१.८, सरकारी कागदाहून सरस! न्यू जर्सी राज्यांत ग्राहकानें स्वतः पेट्रोल भरण्यास १९४९ पासून कायद्यानें मनाई आहे. तेथें आपल्याकडल्याप्रमाणें पंपावरचा माणूस भरतो. तेवढ्यानेंही आम्हांस घरीं आल्यासारखें वाटलें. आम्हीं शेऱ्यांत लिहिलें, ‘प्रवास उत्तम. गाडी गुणी.’

डिसेंबरांत बर्फ आलें आणि वहीचा नूर पालटला. जानेवारींत ४१२ मैलांस २१.९ गॅलन! पडता १८.८, लिटरला आठ किलोमीटर. आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, एवढ्यांत आपल्याकडे लग्नाची बस जाते.” बस तेवढी काटकसरी नसते हें आम्हांस ठाऊक होतें, पण वाद घातला नाहीं. मन खिन्न झालें. दादांना आंकडा बरा दिसावा म्हणून आम्हीं दिवाळीचा प्रवास व जानेवारी यांची सरासरी काढली : ३१.८ अधिक १८.८, भागिले दोन, २५.३. तो कागद टेबलावर पडला होता. सूनबाईंनीं जातां जातां पाहिला, क्षणभर थांबल्या, आणि अगदीं हळू म्हणाल्या, “बाबा, मैलांची बेरीज करून गॅलनांच्या बेरजेनें भागलें तर?” ९१२ मैल, ३७.६ गॅलन, उत्तर २४.३. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनें खुणा करणाऱ्या आम्हांस ती चूक सुनेनें दाखवावी, आणि तीही अशा रीतीनें कीं आम्हांस खालीं पाहावें लागूं नये!

त्या चुकीच्या मुळाशीं एक मोठा भ्रम आहे. ड्यूक विद्यापीठांतील लॅरिक व सोल या दोन संशोधकांनीं २००८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्याची चिकित्सा केली. आपण ‘गॅलनास किती मैल’ असें विचारतों. पैसे मात्र ‘मैलास किती गॅलन’ या हिशेबानें जातात. गाडी ३० ऐवजीं ३६ देऊं लागली तर शंभर मैलांमागें अर्ध्या गॅलनाहून किंचित् अधिक वांचतें. आणि १८ ऐवजीं नुसतें २० देऊं लागली तरी बरोबर तितकेंच वांचतें. वरची सहा पावलें व खालचीं दोन सारख्याच मोलाचीं. म्हणूनच त्या सरकारी कागदावर अलीकडे ‘शंभर मैलांस ३.७ गॅलन’ असा आंकडाही बारीक अक्षरांत असतो. हें समजल्यावर आमची दृष्टि साहजिकच जानेवारीकडे वळली. बचत करावयाची तर येथेंच, असें आम्हीं मनाशीं घेतलें.

थंडींत गाडी कां खाते याचीं कारणें सरळ आहेत. इंजिनांतील व गिअरांतील तेल घट्ट होतें. इंजिनाला योग्य तापमानास येण्यास वेळ लागतो, आणि चार मैलांचा प्रवास तें येईपर्यंत संपतो. दर दहा अंश फॅरनहाइटला चाकांतली हवा सुमारें एक पौंडानें उतरते. दिवे, आसनांची ऊब, कांचेवरचा वारा यांचा भार असतो; हिंवाळी पेट्रोलांत शक्तिही किंचित् कमी असते. अमेरिकन सरकारच्या माहितीप्रमाणें ७७ अंशांच्या मानानें २० अंशांत शहरांतील पडता सुमारें १५ टक्क्यांनीं घटतो, आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. आमची जानेवारी कागदावरील शहराच्या आंकड्यापेक्षां सुमारें २२ टक्क्यांनीं खालीं होती. म्हणजे गाडी निर्दोष होती. पण आम्हांस कोणाला तरी दोषी ठरवावयाचें होतें.

सूनबाई रोज पहांटे गाडी सुरू करून पंधरा मिनिटें तशीच उभी ठेवीत, आणि मग निघत. नुसतें चालू राहिलेलें इंजिन तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जाळतें, आणि त्या वेळांत गाडीनें दिलेलें शून्य. शिवाय आम्हीं वाचलें होतें कीं हल्लींच्या इंजिनांना असें तापवीत ठेवण्याची गरजच नसते. अर्ध्या मिनिटांत निघून सावकाश चालविलें तर तें लौकर तापतें. हें सर्व अक्षरशः खरें आहे. एके रात्रीं जेवणाच्या वेळीं आम्हीं तें सांगितलें. सांगितलें म्हणजे कसें? थेट सुनेला नव्हे, चिरंजीवांकडे पाहून. “उभी गाडी तापविणें म्हणजे पैसे जाळून शेकत बसणें.” आमच्या घरांत सुनांना टाकून बोलत नाहींत अशी आमची प्रौढी आहे. परंतु भिंतीवर मारलेला खडा कोणाला लागावयाचा हें जेवणाऱ्या सर्वांस ठाऊक असतें. सूनबाईंनीं ताटावरून मान वर केली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पहांटेचा तो घरघराट थांबला.

फेब्रुवारीचा हिशेब मांडला : ३८९ मैल, १९ गॅलन, पडता २०.५. थंडी तीच, रस्ते तेच, आणि दोन मैलांची चढती! आम्हीं त्याच सायंकाळीं पुण्यास दूरध्वनि केला व दादांना आंकडा सांगितला. जेवतांना आम्हीं सूनबाईंना मुद्दाम शाबासकी दिली. त्या हंसल्या, आणि भात वाढावयास उठल्या. चिरंजीव मात्र जेवतां जेवतां थांबले. त्यांचा आवाज चढला नाहीं; चढता तर बरें झालें असतें. ते म्हणाले, “बाबा, तुम्हांला एक गोष्ट सांगितली नाहीं. हिनें सांगूं नको म्हटलें होतें.”

हकीकत अशी. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एका पहांटे गाडीच्या कांचेवर बर्फाचा जाड थर गोठला होता. पूर्वीं त्या पंधरा मिनिटांत आंतला ऊन वारा तो थर सैल करी, आणि मग खरवडणीनें तो सहज निघे. त्या दिवशीं गाडी थंड, वेळ थोडा. सूनबाईंनीं आपल्या बाजूस ताटाएवढी कांच खरवडून घेतली व तेवढ्यांतून पाहात निघाल्या. श्वासाच्या वाफेनें आंतूनही कांच धूसर होत होती. पादपथ बर्फाखालीं गेल्यामुळें एक वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या कडेनेंच चालले होते. ते त्या ताटाएवढ्या उघड्या भागांत आले ते अगदीं शेवटच्या क्षणीं. सूनबाईंनीं ब्रेक दाबला. गाडी घसरली, वळली, आणि कडेच्या बर्फाच्या ढिगांत चाक रुतून उभी राहिली. गृहस्थ हातभर अंतरावर होते. कोणालाही इजा झाली नाहीं. सूनबाई रुग्णालयांत वेळेवर पोंचल्या, दिवसभर काम केलें, आणि सायंकाळीं आमच्या सौ.ना नेहमींसारखी भाजी चिरूं लागल्या.

आम्हांस घांस उतरेना. आमच्या सौ. कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त वही टेबलावरून उचलून कपाटांत ठेवली.

रात्रीं झोंप लागली नाहीं, तेव्हां आम्हीं ती पुन्हां काढली आणि जो हिशेब आधीं करावयाचा तो मागाहून केला. पंधरा मिनिटांस एक-षोडशांश ते एक-अष्टमांश गॅलन. महिन्यांत बावीस दिवस. म्हणजे दीड-पावणेतीन गॅलन. चार ते आठ डॉलर. एवढ्या रकमेसाठीं आम्हीं ताटावर बसून टोमणा मारला, आणि तिकडे एका अनोळखी म्हाताऱ्याचा जीव व आमच्या सुनेचें सारें आयुष्य हातभर अंतरावर येऊन थांबलें. आमचें विधान खोटें नव्हतें. इंजिनाला तापण्याची गरज नसते हें खरेंच आहे. गरज कांचेला होती. खरी माहिती अर्धी सांगितली कीं ती खोट्याहून घातक होते, हें आम्ही नोकरींत कितीदां तरी अहवालांत लिहिलें होतें! आणि सूनबाईंनीं तेव्हांच उत्तर कां दिलें नाहीं? कारण आमच्या घराच्या ज्या रीतीचा आम्हांस अभिमान आहे, तिनेंच त्यांचें तोंड बंद केलें होतें. सरासरीची चूक त्या दाखवूं शकल्या; ती आंकड्यांची होती. ही चूक आमची स्वतःची होती.

त्याच विचारांत आणखी एक गोष्ट उमगली. चारी चाकांस बळ मिळतें म्हणून ही गाडी बर्फांत सुरक्षित, असें आम्ही सर्वच धरून चाललों होतों. परंतु तें बळ निघतांना व चढ चढतांना उपयोगी. थांबतांना नाहीं. ब्रेक प्रत्येक मोटारीस चारी चाकांवर असतातच. तेथें उंची गाडी व साधी गाडी सारखीच. थांबविणारा शेवटीं टायर. त्या गाडीचे टायर बारमाही जातीचे होते; थंडी वाढली कीं त्यांचें रबर कडक होतें व पकड सुटते. हिंवाळी टायरांचें रबर थंडींतही मऊ राहतें. ते रस्ता अधिक धरतात, म्हणून सामान्यतः पेट्रोलही थोडें अधिक खातात.

पहांटे पांचास आम्ही उठलों, चिरंजीवांचा जाड कोट चढविला आणि खरवडणी घेऊन बाहेर गेलों. गाडी सुरू करावयाची कशी हेंही धड ठाऊक नव्हतें; कळ दाबावी लागते हें सूनबाईंनींच येऊन दाखविलें. दोघें कांच खरवडीत उभीं राहिलों. तोंडांतून वाफ निघत होती. आम्ही म्हणालों, “माझें चुकलें.” सासऱ्यानें सुनेपाशीं हे शब्द काढण्याची चाल आमच्याकडे नाहीं, त्यामुळें ते कसेबसेच निघाले. सूनबाई मागची कांच साफ करीत होत्या. त्या म्हणाल्या, “बाबा, मीही सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या मनापासून वही लिहीत होतां.” मग थोड्या वेळानें म्हणाल्या, “तिकडचा दिवा राहिला.” आम्हीं दिवा पुसला.

त्या आठवड्यांत आम्हीं चार हिंवाळी टायर घेतले. चिरंजीव नको म्हणत होते. आम्हीं ऐकलें नाहीं. परतीपूर्वीं अमेरिकेंतील कांहीं स्थळें पाहण्यासाठीं बाजूस ठेवलेले डॉलर त्या कामीं आले. नायगारा पाहावयाचा राहिला, आणि आमच्या सौ.नीं त्याचा उच्चारही केला नाहीं. मार्चांत पडता पुन्हां १९ वर आला. तो आंकडा आम्हीं नेहमींच्याच अक्षरांत लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें, ‘टायर बदलले. पंधरा मिनिटें रोज.’

एप्रिलांत पुण्यास परत आलों. दादांनीं चहा होईपर्यंत धीर धरला आणि मग हात पुढें केला. आम्हीं वही त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वाचली. फेब्रुवारीच्या पानावर शेऱ्याची जागा पुरली नव्हती म्हणून आम्हीं मागील कोऱ्या पानावर सारी हकीकत लिहिली होती. तेथें ते बराच वेळ थांबले. शेवटीं वही मिटून म्हणाले, “टायरांचे पैसे कोणाच्या नांवें टाकलेस?”

“माझ्या,” आम्ही म्हणालों.

“निम्मे माझ्या नांवें टाक,” दादा म्हणाले. “वही मी दिली होती.” त्यानंतर त्या गाडीच्या उंचीपणाचा विषय आमच्या घरांत निघाला नाहीं.

ती गाडी सूनबाईंनीं पुढें आणखी तीन हिंवाळे चालविली. वहीचा प्रकार त्यांना आवडला असावा. दर महिन्यास त्या आपल्या पानाचें छायाचित्र पाठवीत, आणि दादा तें वाचून दाखवावयास लावीत. एका जानेवारीचा आंकडा १७.९ होता, आमच्या वेळेहूनही खालीं. दादांनीं विचारलें, “शेरा काय आहे?” आम्हीं वाचलें : ‘बर्फ फार. निघायला उशीर झाला. कांच चारी बाजूंनीं साफ केली.’

दादा म्हणाले, “छान देते गाडी.”